डिझेल ट्रकच्या ऑइलचा रिपोर्ट कसा वाचायचा: नमुना काढण्यापासून इंजिन उघडायचं की नाही हे ठरवण्यापर्यंत

जुन्या ऑइलचा नमुना लॅबला पाठवला की काही दिवसांत एक-दोन पानांचा रिपोर्ट येतो. त्यावर पंचवीस-तीस आकडे असतात आणि खाली हिरवा, पिवळा किंवा लाल शिक्का. बहुतेक गाडीमालक शिक्का बघतात, हिरवा असला की कागद फाइलला लावतात आणि विसरतात. आमच्या बारा गाड्यांची देखभाल मी कराडमधून बघतो आणि पहिली दोन वर्षं मीही हेच केलं. त्याच काळात एका गाडीचे लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि पिस्टन वेळेच्या खूप आधी गेले. नंतर जुने रिपोर्ट काढून शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा कळलं की सगळं त्यात लिहिलेलं होतं. आम्ही फक्त वाचलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. रिपोर्टमधला कुठलाही आकडा एकटा वाचायचा नाही. त्याच्या शेजारी त्याच रिपोर्टमधला दुसरा एखादा आकडा ठेवायचा आणि त्याच गाडीचा मागचा रिपोर्ट ठेवायचा. लोखंड ८० पीपीएम (ऑइलच्या दहा लाख भागांत ८० भाग) आलं म्हणजे चांगलं की वाईट, या प्रश्नाला उत्तर नाही. ऑइल किती किलोमीटर चाललं, सिलिकॉन किती, काजळी किती, मागच्या वेळी लोखंड किती होतं, हे कळल्यावर उत्तर मिळतं. खालचं सगळं त्या एकाच नियमावर उभं आहे.

पायरी १: नमुना नीट काढा

नमुना चुकला तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून इथं घाई नको.

गाडी फेरी मारून आली, इंजिन पूर्ण गरम आहे, अशा वेळी इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांत नमुना घ्यायचा. रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल घेतलं तर जड कण चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या, तळाशी बसलेले असतात आणि आकडे खोटे येतात. चेंबरचा नट काढून घेणार असाल तर नटाभोवतीची माती आधी पुसा. नट काढल्यावर पहिलं लिटर-दीड लिटर जाऊ द्या, तळाचा गाळ त्यात जातो. मग चालू धारेखाली बाटली धरा आणि पाऊण भरा. शेवटची धार घेऊ नका. ऑइल गरम असतं, हात भाजतो, म्हणून हातमोजे घाला आणि चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे) लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका.

ऑइल बदलायचं नसेल आणि फक्त तपासायचं असेल, तर गेजच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) पाइपमधून हातपंपाने ओढून घेता येतं. प्लास्टिकची नळी गेजच्या पट्टीला लावून मापा आणि पट्टीपेक्षा दोन-तीन इंच जास्त कापा. जास्तीचा भाग वर पंपाकडे राहू द्या आणि नळी पट्टीएवढीच आत सोडा, म्हणजे ती तळाला टेकणार नाही. नळी प्रत्येक गाडीला नवी. एकाच नळीने चार गाड्यांचे नमुने काढले, तर पहिल्या गाडीचं तांबं चौथ्या गाडीच्या रिपोर्टमध्ये येऊन बसतं.

टबात काढून ठेवलेल्या ऑइलमधून किंवा काढलेल्या फिल्टरमधून नमुना कधीच घेऊ नका. बाटली लॅबचीच वापरा. पाण्याची किंवा थंड पेयाची बाटली धुऊन वापरायची नाही, तिच्यात राहिलेल्या थेंबभर पाण्यानेही निकाल बिघडतो.

आणि एक काम बहुतेक जण करत नाहीत: ज्या बॅरलमधलं ऑइल भरता, त्याच बॅरलमधल्या नव्या ऑइलचा एक नमुना एकदा पाठवा. हाच तुमचा शून्याचा आकडा. नव्या ऑइलमध्येही थोडं सिलिकॉन असतं, कारण फेस होऊ नये म्हणून ते घातलेलं असतं. बोरॉन, मॉलिब्डेनम, क्वचित सोडियमही असतं. हे माहीत नसेल तर तुम्ही ऑइलच्या औषधालाच इंजिनचा आजार समजाल.

पायरी २: वरचा भाग आधी वाचा

गाडी नंबर, मीटर, ऑइल भरल्यापासून झालेले किलोमीटर, मधे किती लिटर टाकलं, ऑइलचं नाव आणि ग्रेड. ही माहिती लॅब काढत नाही, आपण देतो. ती चुकीची असली की लॅबचा अभिप्रायही चुकीचा येतो. आमच्याकडे एकदा ऑइलच्या किलोमीटरच्या रकान्यात मीटरचे किलोमीटर लिहिले गेले. ऑइल लाखो किलोमीटर चाललंय असं समजून लॅबने सगळं ठीक असल्याचं कळवलं.

मधे टाकलेलं ऑइल विशेष महत्त्वाचं. २० लिटरच्या चेंबरची गाडी २० हजार किलोमीटरमध्ये ८ लिटर पीत असेल आणि ते थोडं थोडं टाकलं जात असेल, तर प्रत्येक वेळी नवं ऑइल जुन्याला पातळ करतं. रिपोर्टमध्ये लोखंड ६० दिसतं, पण ऑइल खाल्लं नसतं तर ते सुमारे ७२ दिसलं असतं. म्हणजे ऑइल खाणारं, थकलेलं इंजिन कागदावर तरुण दिसतं. ड्रायव्हरला वहीत लिटर लिहायची सवय लावा. मागून आठवून सांगितलेल्या आकड्याचा उपयोग नाही.

पायरी ३: ऑइल स्वतः कसं आहे

आता व्हिस्कॉसिटी बघा, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट आहे ते. आपल्याकडे बहुतेक ट्रकमध्ये १५डब्ल्यू-४० असतं. त्यातल्या ४० चा अर्थ १०० अंशाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक. नवं ऑइल साधारण १४ ते १५.५ असतं. ते १२.५ च्या खाली गेलं तर डिझेल मिसळतंय किंवा कुणीतरी पातळ ऑइल टाकलंय. १६.३ च्या वर गेलं तर काजळी वाढलीय किंवा ऑइल जळून दाट झालंय.

पण इथंच फसायला होतं. नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) खराब असलेल्या इंजिनात न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि त्याच इंजिनात काजळीही भरपूर होते. डिझेल ऑइल पातळ करतं, काजळी दाट करते आणि रिपोर्टमध्ये व्हिस्कॉसिटी १४.२ येते, अगदी नव्यासारखी. म्हणून व्हिस्कॉसिटी वाचताना शेजारी डिझेलची टक्केवारी आणि काजळीची टक्केवारी वाचायचीच. डिझेल २ टक्क्यांच्या वर गेलं की मी नोजल तपासायला घेतो. ५ टक्क्यांवर गाडी चालवत राहणं म्हणजे बेअरिंग पणाला लावणं. लॅबने डिझेलची टक्केवारी दिली नसेल तर फ्लॅश पॉइंट बघा, म्हणजे ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान. डिझेल मिसळलं की तो झपाट्याने खाली येतो.

बीएस-६ गाड्यांमध्ये आणखी एक कारण असतं. काही इंजिनं डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळण्यासाठी सिलिंडरमध्येच उशिरा जादा डिझेल मारतात आणि त्यातलं थोडं लायनरवरून चेंबरमध्ये उतरतं. गाडी सारखी गावात, बंदराच्या रांगेत, कारखान्याच्या दारात चालू ठेवून उभी राहात असेल, तर डीपीएफ वारंवार जाळावं लागतं आणि ऑइलमध्ये डिझेल वाढतं. अशा गाडीत नोजल बदलूनही आकडा उतरत नाही. उतरतो तो इंजिन उगाच चालू ठेवणं बंद केल्यावर. गेजवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते डिझेल असतं किंवा पाणी.

काजळीबद्दल एवढंच: ऑइल काळं दिसतं यावरून काही ठरत नाही. डिझेल इंजिनात नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्ये काळं होतं आणि ते त्याचं कामच आहे. टक्केवारी बघा. ३ टक्क्यांपर्यंत पोचली की कारण शोधा: चोंदलेला एअर फिल्टर, इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपची गळती, नोजल, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात नेणारी व्यवस्था).

बेस नंबर हा ऑइलमधल्या आम्ल मारणाऱ्या औषधाचा साठा. नव्यात तो बहुधा १० च्या आसपास असतो. निम्म्यावर आला की बदलायची तयारी करायची आणि ॲसिड नंबर (ऑइलमध्ये साठलेल्या आम्लाचा आकडा) त्याला ओलांडून वर गेला की तो दिवस आलाच. हे मोजायच्या दोन पद्धती प्रचलित आहेत, डी२८९६ आणि डी४७३९, आणि वापरलेल्या ऑइलला दुसरीने आकडा कमी येतो. नव्याचा आकडा डब्याच्या माहितीपत्रकातून एका पद्धतीचा आणि जुन्याचा लॅबमधून दुसऱ्या पद्धतीचा घेतलात, तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त खलास दिसेल. एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर आलं आहे, त्यामुळे बेस नंबर पूर्वीइतक्या वेगाने पडत नाही. फक्त त्याच्यावर विसंबून ऑइल बदलायचं ठरवण्याचे दिवस गेले.

याच भागात कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त आणि फॉस्फरस दिसतील. ही ऑइलमधली औषधं. नव्या ऑइलच्या नमुन्याशी हे चार आकडे जुळले नाहीत, तर बॅरलवर लिहिलेलं ऑइल आत नव्हतं किंवा रस्त्यात कुणीतरी वेगळं टाकलं. बनावट ऑइल पकडायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. बीएस-६ च्या गाडीत तर हे जरूर बघा. सीके-४ दर्जाच्या १५डब्ल्यू-४० मध्ये फॉस्फरस जास्तीत जास्त १२०० पीपीएम चालतो. रिपोर्टमध्ये १४०० दिसला तर जुन्या गाड्यांचं जास्त राखेचं ऑइल पडलंय आणि ती राख डीपीएफमध्ये जाऊन बसणार आहे.

पायरी ४: बाहेरून आत काय आलं

माझ्या मते रिपोर्टचा सगळ्यात मोलाचा भाग हाच. धातू सांगतात की झीज झाली, हा भाग सांगतो की झीज होणार आहे.

आधी धूळ. सिलिकॉन म्हणजे धूळ असं सरसकट म्हणतात, ते अर्धंच खरं. सिलिकॉन तीन-चार ठिकाणांहून येतं: धूळ, गॅस्केटला लावलेला सीलंट, ऑइलमधलं फेस मारणारं औषध आणि काही कूलंट. नव्या किंवा नुकतंच काम झालेल्या इंजिनात सिलिकॉन ४० आलं आणि लोखंड, ॲल्युमिनियम जागच्या जागी असलं, तर तो सीलंट आहे. दोन ऑइल बदलींत उतरतो. धूळ मात्र एकटी येत नाही. मातीत सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियम असतंच आणि धुळीने घासल्यामुळे लोखंड आणि क्रोम मागोमाग वाढतात.

सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचं प्रमाण कुठल्या मातीत गाडी चालते यावर ठरतं. घाटावरचा काळा पाषाण घेतला तर सिलिकॉन ॲल्युमिनियमच्या साधारण तिप्पट असतं. खडीच्या क्रशरवर, खाणीत चालणाऱ्या गाडीला हाच हिशेब लागू. कोकणातल्या जांभ्याचं वेगळं. जांभ्यात ॲल्युमिनियम आणि लोखंड भरपूर आणि सिलिकॉन त्यामानाने कमी. आमच्या गाड्या पावसाळा संपला की चिऱ्याची भाडी आणतात. त्यांच्या रिपोर्टमध्ये धुळीमुळे वाढलेलं ॲल्युमिनियम बघून पिस्टन झिजला असं वाटू शकतं, कारण सिलिकॉन फारसं वर गेलेलं नसतं. अशा वेळी क्रोम आणि एअर फिल्टरची बाजू तपासल्याशिवाय पिस्टनला दोष देऊ नका.

सुरुवातीला ज्या गाडीचा उल्लेख केला तिचे तीन रिपोर्ट असे होते. नव्या ऑइलमध्ये सिलिकॉन ५. पहिला रिपोर्ट २० हजार किलोमीटरला: लोखंड ३१, क्रोम १, ॲल्युमिनियम ४, सिलिकॉन ९. दुसरा, पुन्हा २० हजारला: लोखंड ३४, क्रोम २, ॲल्युमिनियम ५, सिलिकॉन ११. तिसरा साडेएकोणीस हजारला: लोखंड ८८, क्रोम ७, ॲल्युमिनियम १७, सिलिकॉन ४६. त्या लॅबची लोखंडाची मर्यादा १०० होती, म्हणून लोखंडावर हिरवा शिक्का. सिलिकॉनवर पिवळा आणि शेरा, ‘एअर फिल्टर तपासा’. फिल्टर तपासला. चांगला होता, नुकताच बदललेला. विषय संपला असं समजून गाडी परत भाड्यावर गेली.

पुढं इंजिन खोललं तेव्हा फिल्टरच्या डब्यापासून टर्बोकडे (इंजिनला दाबाने हवा देणाऱ्या पंख्याकडे) जाणारा रबरी पाइप काढला. क्लिपच्या मागे, जिथं तो ब्रॅकेटला घासत होता, तिथं तांदळाच्या दाण्याएवढं भोक पडलेलं. वरून दिसायचं नाही, कारण क्लिपची पट्टी त्याच्यावर यायची. पाइपात बोट फिरवलं तर एका बाजूने बारीक लालसर धुळीची रेघ बोटाला लागली. फिल्टरच्या पुढे असलेल्या पाइपात धूळ दिसायलाच नको. फिल्टर शुद्ध हवा देत होता आणि टर्बो त्या भोकातून कच्ची हवा ओढत होता.

म्हणून सिलिकॉन वाढलं तर फिल्टर बघून थांबू नका. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा प्रत्येक पाइप, प्रत्येक क्लिप काढून आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. ब्रेकच्या कॉम्प्रेसरला जाणारा हवेचा पाइप याच पट्ट्यातून निघत असेल तर त्याचा जोडही बघा. फिल्टरच्या रबरी कडेवर धुळीचा ठसा आहे का तेही बघा. आणि फिल्टर हवेच्या दाबाने झाडून परत बसवणं बंद करा. कागदाला सुईएवढी भोकं पडतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत.

आता पाणी आणि कूलंट. गरम इंजिनात पाणी उडून जातं, पण कूलंटमधलं सोडियम आणि पोटॅशियम मागं राहातं. त्यामुळे रिपोर्टमध्ये पाणी शून्य आणि सोडियम ९०, पोटॅशियम ४० असं आलं तर गळती आहेच असं धरून चाला. ऑइल कूलर, लायनरचे ओ-रिंग, हेड गॅस्केट, ईजीआर कूलर ही तिची ठिकाणं. ऑइल कूलर फुटला की इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त असल्यामुळे ऑइल रेडिएटरमध्ये जातं आणि इंजिन बंद झालं की गरम कूलंटचा दाब उरतो, मग कूलंट ऑइलमध्ये येतं. रेडिएटरच्या टाकीत तेलाची साय आणि रिपोर्टमध्ये सोडियम, दोन्ही दिसलं तर आधी तिकडे बघा.

इथं आपल्याकडची एक अडचण सांगायलाच हवी. कित्येक गाड्यांच्या रेडिएटरमध्ये कूलंट नसतं, बोअरचं पाणी असतं. त्या पाण्यात कूलंटची औषधं नसतात, म्हणून ते ऑइलमध्ये शिरलं तरी सोडियम-पोटॅशियम फारसं वाढत नाही. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतं, पण ऑइलमध्ये ते हजारांत आधीच असतं, त्यात हे लपून जातं. अशा गाडीचा सोडियमचा आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका. थेट पाण्याची तपासणी करून मागा. घरच्या घरी बघायचं तर तापलेल्या तव्यावर ऑइलचा थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतो, नसेल तर नुसता पसरतो. डोळ्यांवर चष्मा घालून आणि उघड्यावर करा. दुसरी जुनी युक्ती: गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा नट दोन आटे सैल करा. पाणी तळाला असतं, आधी तेच ठिबकतं.

नव्या गाडीत पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम दोन्ही वाढलेले आणि सोडियम जागेवर, असं दिसलं तर घाबरू नका. ॲल्युमिनियमच्या इंटरकूलरच्या जोडकामातला फ्लक्स (झाळताना लावलेलं रसायन) हवेबरोबर इंजिनात येतो आणि पहिल्या काही ऑइल बदलींत तो धुऊन निघतो. प्रत्येक रिपोर्टमध्ये आकडा उतरत गेला पाहिजे. वाढला तर मात्र कूलंट समजा.

पायरी ५: धातू जोडीने वाचा

धातू पीपीएममध्ये देतात, म्हणजे दहा लाख भागांत किती. २० लिटर ऑइलचं वजन साधारण साडेसतरा किलो. त्यात लोखंड १०० पीपीएम म्हणजे सगळं मिळून पावणेदोन ग्रॅम. एवढ्याशा वजनावरून आपण इंजिनचा अंदाज बांधतो, म्हणूनच नमुन्याची एवढी काळजी.

एकटं लोखंड फार काही सांगत नाही, कारण इंजिनात सगळीकडे लोखंडच आहे. लोखंड, क्रोम आणि ॲल्युमिनियम एकत्र वाढले तर गोष्ट वरची आहे: लायनर, रिंगा, पिस्टन. त्यात सिलिकॉन असेल तर धूळ. सिलिकॉन नसून डिझेल असेल तर नोजलची धार लायनर धुतेय. लोखंड वाढलं, काजळी वाढली आणि क्रोम, सिलिकॉन शांत असेल, तर काजळी कॅमशाफ्ट आणि रॉकर घासतेय.

शिसं, कथील आणि तांबं ही बेअरिंगची भाषा. बेअरिंगच्या वरच्या थरात शिसं-कथील आणि खाली तांब्याचा थर. आधी शिसं वाढतं, मग तांबं. शिसं वाढलं आणि त्याच वेळी बेस नंबर तळाला असला, तर घासण्यापेक्षा आम्लाने खाल्लं जातंय, ऑइल लगेच बदला. काही नव्या इंजिनांत शिसं नसलेली बेअरिंग असतात, तिथं कथील आणि ॲल्युमिनियमवर लक्ष ठेवा. तुमच्या इंजिनात कुठली आहेत हे कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला विचारून वहीत लिहून ठेवा.

एकट्या तांब्यावरून मात्र कुणालाही इंजिन खोलू देऊ नका. ऑइल कूलरच्या नळ्या तांब्याच्या असल्या की इंजिन नवं असताना किंवा ऑइलचा ब्रँड बदलल्यावर नव्या ऑइलची औषधं नळीवरचा थर धुतात आणि तांबं २००-३०० सुद्धा जातं. शिसं, कथील आणि लोखंड हलत नाही. आमच्या ओळखीच्या एका गाडीमालकाला वर्कशॉपने तांबं २१० बघून मेन बेअरिंग बदलायला लावली. काढलेली बेअरिंग मी हातात घेऊन पाहिली, नव्यासारखी होती. गाडी उभी राहिली त्या दिवसांची भाडी आणि बेअरिंगचे पैसे, दोन्ही गेले. पुढच्या रिपोर्टमध्येही तांबं जास्तच होतं आणि त्यानंतर आपोआप उतरत गेलं.

मर्यादा विचारल्यात तर लोखंड १००, तांबं ४०, शिसं ३०, ॲल्युमिनियम २५, क्रोम १०, नव्या ऑइलच्या वर सिलिकॉन २० हे मोघम आकडे मी डोक्यात ठेवतो. इंजिन कंपनीने स्वतःचे दिले असतील तर तेच खरे.

पायरी ६: दर हजार किलोमीटरला किती

प्रत्येक धातूला ऑइलच्या किलोमीटरने भागा. वरच्या गाडीचं लोखंड पहिल्या दोन रिपोर्टमध्ये दर हजारी १.५५ आणि १.७ होतं, तिसऱ्यात ४.५. मर्यादेच्या आत असूनही झीज पावणेतीन पट झाली होती. हा हिशेब वहीच्या एका ओळीत मावतो आणि हिरव्या-पिवळ्या शिक्क्यांपेक्षा कितीतरी लवकर सावध करतो. तीन रिपोर्ट झाले की त्या गाडीची स्वतःची सरासरी मिळते. नंतरचा आकडा तिच्या दुप्पट झाला की मी तो लाल धरतो, लॅबने काहीही रंग दिला असो.

घाटात जास्त चालणाऱ्या किंवा तासन्‌तास चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीला किलोमीटरने भागणं अन्यायाचं होतं. इंजिनच्या तासांचं मीटर असेल तर तासांनी भागा. खंबाटकी आणि खंडाळा करून रोज बंदरात जाणारी गाडी आणि सपाटीवर सोलापूर-हैदराबाद करणारी गाडी यांची एकमेकींशी तुलना करू नका.

पायरी ७: रिपोर्टला जे दिसत नाही ते फिल्टरमध्ये बघा

लॅबचं धातू मोजायचं यंत्र साधारण ५ ते ८ मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट मोजतं. माणसाचा केस ७० च्या आसपास असतो. म्हणजे बेअरिंगचा पापुद्रा निघाला, गिअरचा तुकडा उडाला, तर रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. मोठे लोखंडी कण मोजायची पीक्यू नावाची वेगळी तपासणी असते, ती मागून घ्या. लोखंड कमी आणि पीक्यू जास्त ही जोडी सगळ्यात वाईट.

आणि ऑइल फिल्टर कापून बघा. करवतीने नको, तिचाच चुरा पडतो. पाइप कटरसारखं फिरवून कापणारं हत्यार वापरा. आतला कागद काढून ब्लेडने दोन्ही कडा कापा, घड्या उलगडा, दाबून ऑइल निथळू द्या आणि कागद उन्हात धरा. सोनेरी चमक म्हणजे तांबं-पितळ. चंदेरी आणि चुंबकाला न चिकटणारी पापुद्री म्हणजे बेअरिंगचा थर किंवा ॲल्युमिनियम. चिकटणारी सुई-काटे म्हणजे लोखंड. दोन-चार बारीक ठिपके प्रत्येक फिल्टरमध्ये असतात. नखाने उचलता येईल एवढा पापुद्रा दिसला तर गाडी पुढच्या भाड्याला पाठवू नका.

पायरी ८: आता काय करायचं

आकडा अचानक उडाला की पहिलं काम दुसरा नमुना, इंजिन खोलणं नाही. आम्ही त्याच दिवशी पुन्हा नमुना काढतो, शक्य तर दुसऱ्या माणसाकडून, आणि एनएबीएल मान्यता असलेल्या त्याच लॅबला पाठवतो. लॅब बदलली की पद्धत बदलते आणि जुन्या आकड्यांशी मेळ बसत नाही. याला अपवाद दोनच: कूलंट आणि फिल्टरमधले पापुद्रे. तिथं दुसऱ्या रिपोर्टची वाट बघायची नाही, गाडी थांबवायची.

दुसऱ्या नमुन्याने पहिल्याला दुजोरा दिला तर स्वस्तातून महागाकडे जा. आधी हवेचे पाइप, क्लिप, फिल्टर. मग हातपंपाने रेडिएटरला दाब देऊन गळती बघणं. मग नोजल काढून बेंचवर तपासणं. मग ब्रीदरचा (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचा) धूर आणि कॉम्प्रेशन बघणं. त्यानंतर चेंबर उतरवून एखादी बेअरिंग उघडून पाहणं. हेड उचलायची पाळी सगळ्यात शेवटी. कारण सापडून दूर केलं की ऑइल आणि फिल्टर बदला आणि ५ हजार किलोमीटरला पुन्हा नमुना पाठवा. जुनं ऑइल तसंच ठेवलं तर आधीची धूळ त्यातच फिरत राहाते आणि दुरुस्ती लागू पडली का तेही कळत नाही.

सगळे आकडे सलग तीन वेळा शांत असतील, बेस नंबर निम्म्याच्या वर असेल आणि गाडी वॉरंटीत नसेल, तर ऑइलची मुदत वाढवायचा विचार करता येतो. एकदम दुप्पट नाही, ५-५ हजारांनी आणि प्रत्येक टप्प्याला नमुना पाठवून. काढलेलं जुनं ऑइल नाल्यात किंवा फळ्यांना लावायला देऊ नका, ते घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. परवाना असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याला द्या आणि पावती त्याच फाइलला लावा, जिथं त्या गाडीचे रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाखाली एक लावलेले आहेत.